परक्याशी बोला, पण घराला सांगून

पेडणे तालुक्याला परका माणूस नवा नाही. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी या किनाऱ्यावरच्या गावांनी गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ देशोदेशींच्या पाहुण्यांना खोली दिली, ओसरी दिली आणि प्रसंगी आपल्या घरची पेजही दिली. मोप येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली, तेव्हापासून तर जग पेडण्याच्या पठारावरच येऊन उतरू लागले आहे. डिचोलीची गोष्टही फारशी वेगळी नाही. खाणींच्या भरभराटीच्या काळात परप्रांतांतून आलेले कामगार आणि ट्रकचालक डिचोलीच्या बाजारात मिसळून गेले. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराला आणि मयेच्या तळ्यावर येणारा प्रवासी तर नित्याचाच. अशा या दोन तालुक्यांतील जनतेला ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ असा उपदेश करायला जाणे म्हणजे खारव्याला पाण्याची भीती सांगण्यासारखे आहे, असे कोणास वाटेल. परका कसा पारखावा, हे येथील माणसाला परंपरेने ठाऊक आहे. वाड्यावर नवा माणूस दिसला की घराच्या सोप्यावर बसलेला म्हातारा त्याला हटकतो, ‘तू खंयचो? कोणाचो?’ या दोन प्रश्नांत उद्धटपणा नाही. उत्तर मिळाले, मध्ये ओळखीचा एखादा दुवा सापडला, की त्याच सोप्यावर चहा येतो. दुवा सापडला नाही, तर चहा येतो, पण घरातील माणसे डोळे उघडे ठेवतात.

कायद्यानेही हीच रीत अंगीकारलेली आहे. विदेशी पाहुण्याला खोली दिली की चोवीस तासांच्या आत विहित फॉर्म भरून त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. भाडेकरू ठेवला की त्याचा तपशील पोलिस ठाण्यात द्यावा लागतो. आपल्या राज्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात तर एक फार मोलाची तरतूद आहे. कुटुंबातील किंवा रक्ताच्या नात्यातील माणूस बरोबर असल्याशिवाय कोणत्याही मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देता येत नाही, आणि त्याची जबाबदारी हॉटेलच्या मालकावर व व्यवस्थापकावर असते. किनारपट्टीवरच्या मुलामुलींना परक्याच्या बंद खोलीत जाऊ द्यायचे नाही, हा त्यामागचा हेतू.

परंतु आज ती खोलीच मुलाच्या खिशात आली आहे. रात्री दहानंतर घरातील दिवे मालवले जातात, दाराला कडी घातली जाते, अंगणातला कुत्रा वेशीपर्यंतची चाहूल घेत पडतो, आणि त्याच वेळी माजघरातील बारा वर्षांचे पोर मोबाईलच्या उजेडात अशा एका माणसाशी बोलत असते, ज्याला ‘तू खंयचो?’ असे घरातील कोणीही विचारलेले नाही. त्याचा फॉर्म कोणी भरलेला नाही. तो पुरुष की स्त्री, पंधरा वर्षांचा की पन्नास वर्षांचा, म्हापशाचा की म्यानमारचा, हे कोणालाच माहीत नाही. वेशीवर उभा असलेला परका आपण ओळखतो. उशाशी येऊन बसलेला परका मात्र आपल्याला दिसत नाही. आमच्या मते, या पिढीच्या गृहसुरक्षेचा हाच सर्वांत निकडीचा प्रश्न आहे.

पेडण्याच्या प्रेक्षकाला दशावतार सांगावा लागत नाही. राजाचे सोंग घेऊन रंगभूमीवर गर्जना करणारा माणूस दिवसा कोणत्या शेतात राबतो, हे समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक असते, आणि म्हणूनच ते सोंग गोड वाटते. इंटरनेटवरचे सोंग वेगळे. तेथे नटाला कोणी ओळखत नाही आणि नाटक चालू आहे हेच प्रेक्षकाला कळत नाही. दुसऱ्याचे छायाचित्र लावून खोटे खाते उघडणे ही तर आता जुनी युक्ती झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चेहरा आणि आवाज यांचीही हुबेहूब नक्कल करता येते. ‘व्हिडिओ कॉलवर पाहिले, म्हणजे माणूस खरा’ हा विश्वासदेखील त्यामुळे बाळगता येत नाही.

असे सोंग कोणत्या रूपाने येते, याचा विचार करताना गोव्याने आपला एक कटू अनुभव विसरू नये. १९९१ साली मडगावात फ्रेडी पीट या इसमाला अटक झाली आणि १९९६ साली त्याला जन्मठेपेची शिक्षा ठोठावण्यात आली. तो निराधार आणि गरीब मुलांसाठी आश्रम चालवीत असे. भोवतालच्या समाजाच्या दृष्टीने तो परोपकारी सद्‌गृहस्थ होता. त्याच आश्रमात मुलांवर वर्षानुवर्षे अत्याचार होत राहिले आणि मुले गप्प राहिली. सांगायचे कोणाला, आणि सांगितले तर विश्वास कोण ठेवणार? त्या काळी इंटरनेट नव्हते. पण मुलांना जाळ्यात ओढणाऱ्याची पद्धत तीच होती. आधी माया, मग उपकार, मग गुपित आणि शेवटी धाक. आजचा अनोळखी ‘मित्र’ हीच पायरी पायरीने चढतो, एवढेच की त्याला आश्रम बांधावा लागत नाही.

हा क्रम पालकांनी नीट समजून घेतला पाहिजे. सुरुवात बहुधा एखाद्या ऑनलाइन खेळात किंवा इन्स्टाग्रामसारख्या माध्यमावर होते. ‘छान खेळलास’, ‘तुझा फोटो सुंदर आहे’ अशी स्तुती येते. घरी दिवसभर ‘अभ्यास कर’ एवढेच ऐकणाऱ्या मुलाला ती स्तुती अमृतासारखी वाटते. मग वय, गाव, शाळा यांची चौकशी होते. नंतर ‘इथे नको, दुसरीकडे बोलू’ असे सांगून संभाषण खासगी जागी हलविले जाते. ‘आपले बोलणे कोणाला सांगू नकोस, त्यांना समजणार नाही’ हे वाक्य येथे येते, आणि धोक्याची घंटा वाजायला हवी ती याच वाक्याला. त्यानंतर छायाचित्राची मागणी होते. एक छायाचित्र गेले की पुढचे सारे संभाषण धमकीचे असते: आणखी पाठव, पैसे पाठव, भेटायला ये; नाहीतर हे तुझ्या वडिलांना, शिक्षकांना, साऱ्या गावाला दाखवीन.

या साखळीची कडी कोठे तुटते, याचे एक उदाहरण अलीकडेच सर्वांसमोर आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर जनजागृती महिन्याचे उद्‌घाटन झाले, तेव्हा अभिनेते अक्षयकुमार यांनी आपल्या लहान मुलीच्या बाबतीत घडलेला प्रसंग कथन केला. ती ऑनलाइन खेळ खेळत असताना समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी तिचे कौतुक केले, मग तू कोठली, मुलगा की मुलगी असे विचारले, आणि ती मुलगी आहे हे कळताच तिच्याकडे नग्न छायाचित्राची मागणी केली. त्या मुलीने तत्क्षणी खेळ बंद केला आणि जाऊन आपल्या आईला सांगितले. पित्याने हा प्रसंग जाहीर सभेत सांगितला आणि सातवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळेत दर आठवड्याला या विषयाचा एक तास असावा, अशी मागणी केली.

या प्रसंगात त्या घराची संपत्ती किंवा प्रसिद्धी कामास आली नाही. मागणी करणारा तेथेही सहज पोचलाच. कामास आली ती एकच गोष्ट: मुलगी आईकडे गेली. आईकडे जाताना तिला ‘तू तेथे गेलीसच कशाला?’ या प्रश्नाची भीती वाटली नाही. आम्ही आमच्या वाचकांना विचारू इच्छितो, की उद्या असाच प्रसंग आपल्या घरी आला तर आपली मुलगी आपल्याकडे येईल काय? की ‘बाबा फोन काढून घेतील, आई रडेल, शाळा सुटेल’ या भयाने ती गप्प राहील आणि त्या परक्याच्याच दयेवर विसंबेल? जो धाक आपण शिस्त म्हणून घरात बसविला आहे, तोच धाक धमकावणाऱ्याचे भांडवल होतो. आपल्या घरातली लाज ही त्याच्या हातातली सुरी असते. ती त्याच्या हातून काढून घेण्याची शक्ती पोलिसांपेक्षाही आधी आईबापांपाशी आहे.

हा प्रश्न केवळ मुलांचा आहे, अशा भ्रमात प्रौढांनी राहू नये. शिक्षणाचे कवचही येथे पुरेसे पडत नाही. मे २०२३ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्यातील एका प्रयोगशाळेच्या संचालकांना दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. स्वतःला इंग्लंडमधील अभियंता म्हणविणाऱ्या, परंतु प्रत्यक्षात पाकिस्तानी हेर असलेल्या स्त्रीशी गप्पांच्या ओघात त्यांनी गोपनीय माहिती उघड केली, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप सिद्ध होणे न होणे न्यायालयाचे काम. पण अनोळखी आवाज केवढ्या उंचीवरच्या खुर्चीपर्यंत पोचू शकतो, हे त्यातून दिसलेच. एकटेपणाने ग्रासलेला निवृत्त गृहस्थ, मुले परदेशी गेल्यामुळे रिकाम्या घरात राहणारी वृद्धा, रात्री अनोळखी व्हिडिओ कॉल उचलणारा आणि मग त्याच कॉलच्या चित्रणावरून धमकावला जाणारा तरुण, हे सारे याच जाळ्यातले मासे. केंद्र सरकारने २०२५ साली संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे, सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ साली हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिपटीने वाढणारे हे नुकसान, आणि ते केवळ तक्रार झालेले. लाजेपोटी पोटात ठेवलेल्या दुःखाची नोंद कोणत्याही वहीत नसते.

डिचोलीच्या बाबतीत या प्रश्नाला पोटापाण्याची धार आहे. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, तोच २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. अलीकडे काही ठिकाणी काम सुरू झाले असले, तरी मधल्या काळात कर्जाचे ट्रक अंगणात गंजत पडलेले ज्या तरुणांनी पाहिले, त्यांना ‘घरबसल्या काम, दिवसाला दोन हजार’ असा टेलिग्रामवरचा निरोप देवाच्या कौलासारखा वाटला तर नवल नाही. पहिल्या दिवशी दोन-तीनशे रुपये खरोखरच खात्यात येतात. मग ‘मोठ्या कामासाठी’ आधी अनामत भरायला सांगतात, आणि ती भरत भरत आईच्या गळ्यातली साखळी जाते. पेडण्यात कोणी ‘विमानतळावर नोकरी लावून देतो’ असे लिहील, कोणी ‘थायलंडमध्ये कॉम्प्युटरचे काम आहे’ असे सांगेल. या दुसऱ्या वाटेचा शेवट कोठे होतो, हेही आता लपलेले नाही. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने ५४९ भारतीयांना म्यानमार-थायलंड सीमेवरील फसवणुकीच्या अड्ड्यांतून सोडवून हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तेथे डांबून ठेवतात आणि त्यांच्याकडूनच जगभरच्या माणसांशी खोटी मैत्री करवून घेतात. म्हणजे आपल्याशी गोड बोलणारा तो अनोळखी मित्र कदाचित स्वतःच कोणाचा तरी पळविलेला मुलगा असेल. ज्याने आधी एका परक्यावर भाबडा विश्वास ठेवला, तोच आता दुसऱ्याला फसविण्यास लावला जातो. हे दुष्टचक्र तोडायचे तर पहिल्या निरोपालाच ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न झाला पाहिजे.

मग उपाय काय? ‘फोनच काढून घ्या’ हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय उपाय आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आहे. आपल्या देशानेही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. अशा उपायांना आमचा विरोध नाही. कंपन्यांना जबाबदार धरलेच पाहिजे. परंतु जन्मसाल खोटे लिहिणे मुलाला एका क्षणाचे काम आहे, आणि घरातील मोठ्यांचा फोन तर हाताशी असतोच. शिवाय बंदीची कुऱ्हाड आमच्या समाजात सर्वांत आधी कोणावर पडते, हेही विसरता कामा नये. चूक परक्याची असते आणि फोन मुलीचा काढून घेतला जातो. मग तिची शिकवणी जाते, कधी कॉलेज जाते. ही शिक्षा झालेली तिच्या मैत्रिणी पाहतात आणि एकच धडा शिकतात: आपल्यावर असे आले तर सांगायचे नाही. एका मुलीचा फोन हिसकावून आपण दहा मुलींचे तोंड बंद करतो.

या भूमीला तर बंद तोंडाची किंमत चांगली ठाऊक आहे. पोर्तुगीज राजवटीत लग्नपत्रिकेलासुद्धा सेन्सॉरची परवानगी लागत असे. त्या काळात गोमंतकाच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांनी बोलणे सोडले नाही. त्यांनी बोलण्याची शिस्त बाळगली. निरोप घेऊन आलेला माणूस कितीही गोड बोलला, तरी ओळखीच्या माणसाची खूण पटल्याशिवाय त्याला पुढची वाट दाखवायची नाही, ही ती शिस्त होती, कारण हेराचे सोंग घेऊन कोण येईल याचा नेम नव्हता. पत्रादेवीच्या ज्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या झेलल्या, ती सीमा याच पेडणे तालुक्यात आहे. बोलण्याचे स्वातंत्र्य एवढ्या मोलाने मिळालेल्या प्रदेशाने आपल्या मुलांना मुके करून सुरक्षित करू नये. बोलण्याची शिस्त त्यांना शिकवावी.

ती शिस्त फार अवघड नाही. प्रत्यक्ष आयुष्यात ज्याला ओळखत नाही आणि ज्याला ओळखणारा आपल्या ओळखीचा कोणी नाही, त्याला आपले पूर्ण नाव, शाळा, घर, येण्याजाण्याच्या वेळा सांगू नयेत. जे छायाचित्र गावच्या देवळाच्या फलकावर लावलेले चालणार नाही, ते कोणालाही पाठवू नये. ओटीपी आणि बँकेचा तपशील तर सख्ख्या भावाने फोनवरून मागितला तरी देऊ नये. भेटायचेच झाले तर दिवसाउजेडी, चारचौघांत आणि घरच्या माणसाला बरोबर घेऊन भेटावे. आणि या साऱ्यांवरचा एक नियम: जो म्हणेल ‘कोणाला सांगू नकोस’, त्याचे नाव त्याच दिवशी घरात सांगावे. पालकांनीही आपल्या बाजूने एक वचन द्यावे, की तू काहीही सांगितलेस तरी आधी ऐकून घेऊ, फोन हिसकावणार नाही, हात उगारणार नाही. हे वचन एकदा देऊन भागत नाही. क्षुल्लक चुकांच्या वेळी ते पाळलेले दिसले, तरच मोठ्या संकटाच्या वेळी मूल त्यावर विश्वास ठेवते.

संकट आलेच, तर धमकावणाऱ्याला पैसा देऊ नये. एकदा दिलेला पैसा त्याची भूक वाढवितो. संभाषण पुसून टाकू नये, तो पुरावा आहे. पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. लवकर कळविले तर पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी बँकेकडून रोखता येण्याची शक्यता असते. मुलांच्या बाबतीत १०९८ हा क्रमांक आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची खबर नाव न सांगताही देता येते. रायबंदर येथे सायबर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलिस ठाणे आहे. ‘गावात बभ्रा होईल’ या भयाने जे पालक मागे राहतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की २०१२ च्या पोक्सो कायद्याने पीडित मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे, आणि अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणे हाच गुन्हा ठरविला आहे.

सरकारकडूनही आमच्या काही अपेक्षा आहेत. पेडणे किंवा डिचोलीच्या माणसाने रायबंदरपर्यंत एक दिवसाची मजुरी बुडवून जावे, हे न्याय्य नव्हे. दोन्ही तालुक्यांच्या पोलिस ठाण्यांत अशी तक्रार सहानुभूतीने, बंद खोलीत आणि शक्यतो स्त्री अधिकाऱ्याकडून ऐकून घेतली जाईल, याची शाश्वती हवी. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ठाणे अंमलदाराने ‘तू फोटो पाठवलासच का?’ असे विचारले, तर पुढची दहा वर्षे त्या गावातून दुसरी तक्रार येणार नाही. शाळांतून वर्षाकाठी एक व्याख्यान ठेवून कर्तव्य संपल्याचे मानू नये. हा विषय वर्गशिक्षकाच्या तोंडून, साध्या भाषेत, वारंवार आला पाहिजे. ग्रामसभा, महिला मंडळे, वाचनालये आणि भजनी मंडळे ही आपली जुनी बोलण्याची ठिकाणे आहेत. तेथे हा विषय निघू द्या. फसवणूक झालेल्या एखाद्या जाणत्या माणसाने धैर्याने उभे राहून ‘माझे असे झाले’ एवढे सांगितले, तरी शंभर फलकांनी होणार नाही ते काम होईल.

परक्याशी बोलणे हे पाप नाही. आज जो आपला सोयरा आहे, तोही कधी काळी परकाच होता, आणि आतिथ्य हा गोमंतकाचा स्वभाव आहे. तो सोडावा असे आम्ही म्हणणार नाही. पण आपल्या आतिथ्याची एक रीत आहे. पाहुणा पुढच्या दाराने येतो, सोप्यावर बसतो, घरातील सर्वांना दिसतो. मागच्या दाराने, अंधारात, ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणत येणाऱ्याला आपण पाहुणा म्हणत नाही. मोबाईलच्या दारातही हीच रीत लागू करावी, आणि ती मुलांना शिकविण्याआधी मोठ्यांनी स्वतः पाळावी. आज रात्री जेवताना आपल्या मुलाला सहज विचारून पाहा, ‘आज कोणाशी बोललास रे?’ प्रश्नात उलटतपासणी नसली, तर उत्तर मिळेल. ते नीट ऐकून घ्यावे.